घर तुमचं, जमीन दुसऱ्याची

या खेपेचं पत्र थायलंडमधल्या रायोंगहून आलंय. लिहिणारे मूळचे बेळगावातल्या अनगोळचे, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत शिकून तयार झालेले. पत्र लांबलचक आहे, कामापुरतं इथं देतो.

"वय 43. सहा वर्षं झाली, रायोंगजवळ मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. मिसेस आणि दोन मुलं इथंच, आई अनगोळला भावाकडं. सध्या घरभाडं महिना 18 हजार बाट. बान फे गावाजवळ, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर, 200 तालांग वा (म्हणजे 800 चौरस मीटर) जागा बघितली आहे. मालक 24 लाख बाट म्हणतोय. वर 40 लाखांत छोटा व्हिला होईल. आम्ही राहू, पुढं पर्यटकांना भाड्यानं देऊ. परदेशी माणसाला इथं जमीन घेता येत नाही हे माहीत आहे. एजंट म्हणतो, कंपनी काढू, 49 टक्के तुमचे, 51 टक्के थाई लोकांचे, सही मात्र सगळीकडं तुमचीच. आमच्या लाइनवरचा एक सुपरवायझर भावासारखा आहे, तो म्हणतो माझ्या नावावर घ्या. तिसरा मार्ग म्हणजे 30 वर्षांचं लीज तीनदा, म्हणजे 90 वर्षं. पैशासाठी राणी चन्नम्मानगरातला 30 बाय 40 चा प्लॉट विकावा म्हणतो. मिसेसचा विरोध आहे. भाऊ म्हणतो, तिकडं कशाला, जांबोटीकडं दोन एकर घेऊन फार्महाउस बांध. जागा अडकवायला 50 हजार बाट देऊन बसलोय. काय करू?"

उत्तर आधी देतो, कारणं मागनं. कंपनी नको. सुपरवायझरचं नाव तर मुळीच नको. लीज चालेल, पण 30 वर्षंच मोजा, 90 नाही. प्लॉट विकू नका. आणि मिसेसचा विरोध आहे एवढंच लिहिलंत, त्या काय म्हणतात ते लिहिलं नाही. ते आधी नीट ऐकून घ्या, कारण लीजवर त्यांचंही नाव घालायला मी सांगणार आहे.

थायलंडचा जमीन कायदा 1954 चा. परदेशी माणसाला जमीन मिळायची ती त्याच्या देशाशी तसा तह असेल तर, आणि असे सगळे तह 1970 सालीच संपले. एक फट आहे: 4 कोटी बाट सरकारनं ठरवलेल्या ठिकाणी गुंतवले, तर मंत्र्यांच्या परवानगीनं राहण्यासाठी एक राय जमीन मिळू शकते. एक राय म्हणजे 1600 चौरस मीटर, आपल्या हिशेबानं 16 गुंठ्यांना जरा कमी. तुमची 200 तालांग वा म्हणजे अर्धा राय, आठ गुंठ्यांच्या आसपास. त्या 4 कोटींच्या वाटेला तुम्ही-आम्ही जाणारे नव्हे, तेव्हा ती बाजूला ठेवू.

आता तो सुपरवायझर. माणूस चांगलाच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण जमीन त्याच्या नावावर आणि पैसा तुमचा, हा तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो दोघांनाही लागतो. परदेशी माणसासाठी नाव पुढं करणाऱ्यालाही दंड आणि दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. म्हणजे तुमच्या व्हिलापायी त्या पोराची नोकरी, घरदार धोक्यात घालताय. प्रकरण बाहेर आलं की भूमी खातं मुदत घालून जमीन विकायला लावतं, 180 दिवसांपासून वर्षभरापर्यंत. नाही विकली तर खातंच विकून टाकतं. घाईत विकलेल्या जमिनीला काय भाव येतो हे अनगोळच्या माणसाला मी सांगायला नको.

बरं, कुणी तक्रार केलीच नाही असं धरू. त्यानं उद्या बँकेचं कर्ज काढलं आणि हप्ते थकले, बायकोशी काडीमोड झाला, नाहीतर अपघातात गेला. मग जमिनीवर हक्क सांगायला त्याची बँक येईल, बायको येईल, भाऊ येतील. तुम्ही कोर्टात काय सांगणार? "साहेब, पैसे माझे होते" असं म्हणालात की तुमच्याच तोंडून गुन्हा कबूल. आपल्या आजोबांच्या पिढीनं 1974 नंतर कूळ कायद्याची प्रकरणं बघितली आहेत: उताऱ्यावर नाव एकाचं, नांगर दुसऱ्याचा, आणि लँड ट्रिब्युनलपुढं दोघांच्या साक्षी. तिथं निदान कसणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा होता. रायोंगात तुमच्या पाठीशी काहीच नाही, एक दोस्ती सोडून.

कंपनीचा मार्ग दिसायला कायदेशीर दिसतो, म्हणून तो जास्त फसवा. कंपनीत परदेशी भाग 49 टक्क्यांच्या वर नसला आणि भागधारकांत परदेशी लोक निम्म्याहून जास्त नसले, तर ती थाई कंपनी धरली जाते आणि जमीन घेऊ शकते, इथवर एजंटचं खरं आहे. पण ते 51 टक्केवाले खरेखुरे भागीदार असावे लागतात. भांडवल त्यांनी आणलेलं असावं लागतं. आणलं कुठून, असं भूमी खातं विचारू शकतं आणि विचारतंही. तुमच्या एजंटच्या फायलीतली ती थाई माणसं बहुधा त्याच्याच ऑफिसातली कारकून किंवा ड्रायव्हर असतील, आणि शेअर परत देण्याचे कोरे फॉर्म त्यांनी आधीच सही करून ठेवलेले असतील. तपासणारा अधिकारी पहिल्यांदा हेच फॉर्म शोधतो. नावापुरते भागीदार दाखवण्याबद्दल 1999 च्या परकीय व्यवसाय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख ते 10 लाख बाट दंड आहे. अलीकडं फुकेत आणि सामुईकडं अशा कंपन्यांमागं सरकार हात धुऊन लागलंय. शिवाय धंदा शून्य असला तरी दरवर्षी ताळेबंद करा, ऑडिट करा, कागद भरा, हे आहेच. राहायला घर हवं म्हणून आयुष्यभर एक खोटी कंपनी पोसायची, हे मला तरी पटत नाही.

राहिलं लीज. इथं जरा सावकाश जाऊ, कारण तुमच्या कामाचं हेच आहे.

थाई कायद्यानं जमिनीची मालकी आणि वरच्या घराची मालकी वेगळी करता येते. जमीन तुमची होणार नाही, घर होऊ शकतं. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जमिनीचं लीज भूमी कार्यालयात नोंदलेलं हवं. तीन वर्षांवरचं लीज नोंदवलं नाही तर त्यातली पहिली तीन वर्षंच धरली जातात. बांधकाम परवाना मालकाच्या नव्हे, तुमच्या नावानं काढलेला हवा. आणि ठेकेदाराचा करार, त्याच्या पावत्या, बँकेतून गेलेले पैसे, सगळं तुमच्या नावावर दिसायला हवं. तिथं तबियेन बान नावाचं घराचं पुस्तक मिळतं. ते दाखवून एजंट म्हणेल, हे बघा, घर तुमचं झालं. त्यात कोण कुठं राहतं याची नोंद असते, मालकी सिद्ध होत नाही.

लीजच्या जोडीला आणखी एक हक्क नोंदवून घ्या. दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं बांधकाम ठेवण्याचा हक्क. तिथले वकील त्याला सुपरफिसीज म्हणतात. फरक कुठं पडतो, तर लीज हे माणसाच्या नावाचं असतं आणि करारात वारसांचं कलम नसेल तर घेणारा गेला की संपतं. सुपरफिसीज, उलट काही लिहिलेलं नसेल तर, वारसांकडं जातो. म्हणून लीजमध्ये वारसांचं कलम घाला, मिसेसचं नाव सुरुवातीपासूनच घाला आणि वर हा हक्कही नोंदवा. नोंदणीचा खर्च फार नाही: एकूण भाड्याच्या 1 टक्का फी आणि 0.1 टक्का मुद्रांक. 24 लाखांवर 26,400 बाट होतात.

मालकानं उद्या जमीन दुसऱ्याला विकली तर? नोंदलेलं लीज नव्या मालकालाही बांधील असतं, त्याची काळजी नको. पण पुढं 30, आणखी पुढं 30 देऊ हा जो शब्द असतो, तो जुन्या मालकानं दिलेला शब्द. कायद्यानं लीज एका वेळी 30 वर्षांपलीकडं जात नाही, आणि पुढच्या मुदतीचं वचन नव्या मालकाच्या किंवा वारसांच्या गळ्यात मारता येत नाही. 90 वर्षांचे पैसे आज मोजून देणं म्हणजे 60 वर्षांचे पैसे दान करणं.

आता थोडा हिशेब. मालकानं लीजलाही तेच 24 लाख मागितले असं धरा. घर 40 लाखांचं. 64 लाख बाट भागिले 360 महिने, म्हणजे महिना 17,778 बाट. त्यात व्याज नाही, डागडुजी नाही, वाळवीचा बंदोबस्त नाही. तुम्ही आज भाडं देताय 18 हजार, आणि छप्पर गळलं की घरमालकाला फोन लावताय. हा आकडा एकदा मिसेसपुढं मांडा. मला वाटतं, त्यांनी तो मनातल्या मनात केव्हाच मांडला असणार.

तरीही घर बांधायचंच असेल, आणि माणसाला घर बांधावंसं वाटतं त्याला हिशेबाचं औषध नसतं हे मान्य, तर जमिनीचा कागद कसा बघायचा ते सांगतो.

तिथल्या पक्क्या मालकीच्या पत्राला चानोत म्हणतात. वर गरुडाची मुद्रा असते, तिचा रंग बघा. लाल गरुड म्हणजे चानोत: मोजणी झालेली, हद्दी ठरलेली. हिरवा गरुड एक पायरी खाली, काळा आणखी खाली. त्यांच्या हद्दी तेवढ्या पक्क्या नसतात. आणि सोर पोर कोर नावाचा कागद कुणी दाखवला तर तिथंच उठून या. ती शेती सुधारणेत गरिबांना कसायला दिलेली जमीन, ती विकता येत नाही. चानोतवर जमिनीचा छोटा नकाशा असतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या हद्दीच्या खुंट्यांचे नंबर असतात. नंबर घातलेले हे सिमेंटचे खुंट जमिनीत गाडलेले असतात. जागेवर जा, गवत बाजूला सारा आणि खुंटावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. एखादा सापडला नाही तर मालकाला भूमी कार्यालयाकडून फेरमोजणी करायला लावा, आणि मोजणीच्या दिवशी शेजारी हजर हवेत.

मग कागद उलटा करा. मागच्या बाजूला तक्ता असतो. जमीन कधी कुणाकडून कुणाकडं गेली, गहाण आहे का, कुणाचं लीज चढलंय, कुणाला वाट दिली आहे, सगळं ओळीनं. आपल्या उताऱ्यात अकरा नंबरच्या रकान्यात पीकेपीएसचा, म्हणजे गावच्या शेती सोसायटीचा, बोजा दिसतो ना, तसं. पण मालकाच्या हातातली प्रत बघून थांबू नका, मूळ प्रत भूमी कार्यालयात असते. तिथं जाऊन ती काढायला लावा आणि दोन्ही जुळतात का बघा. तुमच्या लीजची नोंद ज्या दिवशी होईल त्या दिवशी दोन्ही प्रतींच्या मागं ती ओळ चढलेली डोळ्यांनी बघूनच पैशाचा चेक हातातून सोडा.

कागद थाई भाषेतला असणार आणि वाद झाला तर थाई मजकूरच खरा. एजंट देतो ते इंग्रजी भाषांतर त्याच्या सोयीचं असतं. भाषांतर करणारा तुमचा हवा, वकीलही तुमचा, आणि दोघांपैकी कुणालाही एजंटनं सुचवलेलं नको. आपल्या सीमाभागात घरोघरी कन्नड उतारे पेटीत आहेत, आणि वाचून दाखवणाऱ्यानं एखादी ओळ गाळली म्हणून पुढं भावकी कोर्टात उभी राहिली, असे किस्सेही आहेत. तुम्हाला ती सवय आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

बान फे म्हटल्यावर आणखी दोन गोष्टी. समोरचं को सामेत बेट आणि लगतचा किनारा 1981 पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. तुमची जागा त्या हद्दीच्या किती जवळ आहे ते नकाशावर तपासा. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं तेव्हा खानापूरच्या जंगलातल्या गावांना काय काय निस्तरावं लागलं हे तुम्ही वाचलं असेल. दुसरी गोष्ट, रायोंग हा पूर्व किनाऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यातला प्रांत, चोनबुरी आणि चाचोएंगसाओ यांच्या जोडीनं. तुमची नोकरी त्याच पट्ट्यामुळं आहे. पण घराशेजारी काय उभं राहील हे तिथला नगररचना नकाशा ठरवतो. त्यात पिवळा रंग विरळ वस्तीचा, हिरवा शेतीचा, जांभळा कारखान्यांचा. माप ता फुत या तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या धुराड्यांची रात्रीची रोषणाई तुम्ही बघितली आहे. जांभळा पट्टा किती लांब आहे ते मोजून घ्या.

आणि वाट. जागेपर्यंत जाणारा तो खडीचा रस्ता सरकारी आहे की कुणाच्या मालकीचा? मालकीचा असेल तर वाटेचा हक्क त्या माणसाच्या चानोतवर नोंदलेला हवा. गावाकडं बांधावरच्या वाटेवरनं डोकी फुटतात. तिथं डोकी फुटणार नाहीत, एक दिवस फाटक लागेल एवढंच.

बांधकामाचं फार सांगत नाही, तुम्ही इंजिनियर आहात. जमीन सखल असेल तर तिथं मातीचा भराव घालून उंची वाढवतात. तो भराव एक पावसाळा बसू द्या, लगेच पाया धरू नका. ठेकेदाराला पैसे काम बघून टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटची काही रक्कम पहिला पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा. कारखान्यात हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेटशिवाय एक कास्टिंग तुम्ही पुढं सोडत नाही. काँक्रीट आणि सळीच्या बाबतीत तोच खडूसपणा चालू द्या, "मालक, आमच्यावर विश्वास नाही का" असं कुणी म्हणालं तरी.

पर्यटकांना भाड्यानं देण्याच्या बेताबद्दल. 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीनं घर देणं 2004 च्या हॉटेल कायद्याखाली येतं. लहान घरांना काही सवलत आहे, पण तीही नोंद केल्यावर. शिवाय तुमचा वर्क परमिट ज्या कामासाठी आहे ते हे काम नव्हे. तेव्हा शनिवार-रविवारच्या भाड्याचं उत्पन्न हिशेबात धरू नका. वर्षभराच्या करारानं कुणा कुटुंबाला दिलं तर गोष्ट वेगळी.

हे तर पत्रात कुठंच आलं नाही: नोकरी सुटली तर? घर असलं म्हणून व्हिसा मिळत नाही. लीज 30 वर्षांचं, वर्क परमिट मात्र नोकरी असेपर्यंतच. निवृत्तांचा व्हिसा वयाच्या 50 नंतर मागता येतो, आणि त्यासाठी बँकेत 8 लाख बाट ठेव किंवा महिना 65 हजार उत्पन्न दाखवावं लागतं. तुम्हाला अजून सात वर्षं आहेत. मोटारीच्या धंद्यात सात वर्षांत काय काय बदलतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता प्लॉट. राणी चन्नम्मानगरातला 30 बाय 40, कागद स्वच्छ, रस्त्याला लागून. आपल्याकडं शंभर रुपयांच्या बाँडपेपरवर गुंठा-दीड गुंठा घेऊन वर्षानुवर्षं आपल्या नावावर खातं चढवण्यासाठी हेलपाटे घालणारे किती आहेत बघा, मग स्वच्छ कागदाची किंमत कळते. तो विकून तुम्ही 30 वर्षांचा वापर विकत घेणार. आणि विकतानाही तुम्ही एनआरआय आहात हे विसरू नका. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर, वर अधिभार आणि सेस. जुलै 2024 आधी घेतलेल्या जागेवर महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी कर भरायचा पर्याय आहे, पण तो भारतात राहणाऱ्यांना, तुम्हाला नाही. घेणाऱ्यानं टीडीएस कापायचा असतो, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर तो भीतीपोटी पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. मग परताव्यासाठी रिटर्न भरून वाट बघत बसा. प्लॉट विकून घर बांधलं की नफ्यावर सूट मिळते असं भाऊ सांगत असेल. ते घर भारतात असेल तरच. रायोंगच्या घराला नाही.

पैसे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या, खात्यातून बाहेर नेता येतात, वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत, सीएच्या दाखल्यासह. त्यात अडचण नाही. पण 2024 पासून थायलंडनं नियम बदललाय: वर्षात 180 दिवस तिथं राहणाऱ्यानं 2024 पासूनचं बाहेरचं उत्पन्न देशात आणलं की त्यावर तिथला कर विचारला जातो. दोन्ही देशांत दुहेरी कराचा करार आहे, भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळू शकतं. त्यासाठी कागद नीट जपावे लागतील, आणि दोन्हीकडं एकेक सी.ए. पोसावा लागेल.

पुढं कधी बेळगावला कायमचे परत आलात, तर परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं ठेवता येते. विकावी लागत नाही. फक्त पूर्ण निवासी झालात की दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवायची. विसरलात तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. घर पांढऱ्या पैशाचं असलं तरी.

भावाच्या जांबोटीच्या सल्ल्याकडं येतो. कर्नाटकानं 2020 मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली 79 ए आणि 79 बी ही कलमं काढून टाकली, त्यामुळं शेतकरी नसलेला माणूसही आता शेतजमीन घेऊ शकतो. भावाच्या डोक्यात ते आहे आणि ते बरोबर आहे, पण त्याच्यापुरतं. तुम्हाला नाही. एनआरआयला भारतात शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही. ते बंधन फेमाचं, दिल्लीचं, बेंगळुरूच्या दुरुस्तीनं ते उठत नाही. वडिलांकडून वारशानं आली तर चालते. मग भाऊ म्हणेल, पैसे तू दे, माझ्या नावावर घेऊ. झालं, सुपरवायझरचाच खेळ गावात. तुमच्या पैशानं एकट्या भावाच्या नावावर घेतलेली जमीन बेनामी ठरू शकते, आणि त्या कायद्यात 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आहे, बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि जमीन जाते ती वेगळीच. एनए झालेला प्लॉट मात्र तुम्ही तुमच्या नावावर बिनदिक्कत घेऊ शकता. तसा एक तुमच्याकडं आहेच.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं असं विचाराल, तर बान फेच्या त्याच भागात वर्षभरासाठी घर भाड्यानं घेतलं असतं. पावसाळ्यात पाणी कुठं साचतं, उन्हाळ्यात नळाला येतं का, मुलांची शाळा किती लांब पडते, मिसेसला तिथं करमतं का, हे सगळं 12 महिन्यांत कळतं. त्यानंतरही मालकीचं काहीतरी हवंच असं वाटलं तर कंडोमिनियमचा फ्लॅट. तिथं इमारतीच्या विक्रीयोग्य क्षेत्रापैकी 49 टक्क्यांपर्यंत परदेशी लोकांच्या नावावर, पक्क्या मालकीनं होऊ शकतं. पैसा परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा कागद तेवढा जपायचा. अंगण नाही, फणसाचं झाड नाही, कबूल. पण नाव तुमचं, आणि कुणाच्या मेहरबानीवर नाही. आणि व्हिलाच हवा असेल तर 30 वर्षांचं लीज, वर सांगितलेल्या सगळ्या नोंदींसह, अशा पैशातून की जो 30 वर्षांनी शून्य झाला तरी आईच्या औषधपाण्याला आणि पोरांच्या शिक्षणाला धक्का लागणार नाही. ती रक्कम किती ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

ते 50 हजार बाट. पावतीवर सही मालकाची आहे की एजंटची, हे पत्रात नाही. मालकाची असेल तर त्यालाच लेखी विचारा: विक्रीऐवजी 30 वर्षांचं नोंदणीकृत लीज करायला तयार आहे का? नसेल तर रक्कम परत मिळावी. एजंटची असेल तर हाच मजकूर त्याला लाइन ॲपवर थाई आणि इंग्रजी दोन्हीत पाठवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. परत मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर 64 लाखांपुढं ते टक्काभरही नाहीत, सोडून द्या. त्यांच्यासाठी पुढचा कागद करू नका. कंपनी काढायला म्हणून पासपोर्टच्या सही केलेल्या प्रती दिल्या असतील तर त्या मात्र आजच परत मागा, आणि माझ्या नावानं कुठलीही कंपनी नोंदवू नये असं त्याला लेखी कळवा.